रिकाम्या पोटाचा फोटो

आमच्या घरी चरबी डोळ्यांनीच मोजायची रीत होती. पोट सुटलेलं दिसलं की माणूस खात्यापित्या घरचा, सपाट दिसलं की त्याला आणखी वाढा. माझा नवरा काडीसारखा. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात त्याची धान कांडायची गिरणी होती. लोक म्हणत, याला कोंड्याबरोबर पाखडून टाकलं तरी कळायचं नाही. मीही हसायचे.

गावात मोबाइल नुकते येत होते, तेव्हाची गोष्ट. त्याचं पोट सारखं दुखायला लागलं. गोंदियात सोनोग्राफी केली, पण तिथे नीट दिसेना म्हणून सीटी स्कॅनसाठी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. बेंबीपाशी पोट आडवं कापलं तर आत जे दिसेल, ते त्या फोटोत होतं.

"कातडीखाली चरबी नाहीच यांच्या," ते म्हणाले. "सगळी आत, आतड्यांभोवती. बाहर से पतले, अंदर से मोटे. हे काळपट दिसतं ना, ती सगळी चरबी. कमरेला टेप लावून ही सापडत नाही."

शुगर वाढलेली होतीच. भात कमी करा, तूप आणि तळण बंद, नाहीतर हार्टचं काही खरं नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मला, कारण स्वयंपाकघर माझं आहे असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"हे काळं काळं काय होय वं?"

"चरबी होय, आई."

त्या हसल्या. "बोकड कापलेला नाही पाह्यला का कधी? चरबी पांढरी राहते. हाडं पांढरे दिसून राहिले, अन् चरबीच कायले काळी दिसन? हे रिकामी जागा होय. पोरगा माहा उपाशी हाये."

मी दहावी पास. चरबी काळी का दिसते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग रोज ताटावर लढाई. मी हात आखडून वाढायचे आणि पाणी आणायला उठले की सासूबाईंची तुपाची पळी आलीच. तो सगळं संपवायचा. एकदा गिरणीवर गाठून मी त्याच्यावर ओरडले.

"आईचं मन कसं मोडू?" तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून तिले माह्या जेवणाशिवाय दुसरं हाये काय?"

पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन झाला. काळा भाग वाढला होता. मी डॉक्टरांना विचारलंच, चरबी काळी का? ते म्हणाले, किरण चरबीतून सहज पार जातात, म्हणून. आता आपल्याकडे उत्तर आहे, या खुशीत मी घरी आले आणि सासूबाईंना ते सांगितलं.

"आरपार जाते म्हणजे रिकामंच नं!"

त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या आणि रडायलाच लागल्या. "मागच्या सालापेक्षा जास्त रिकामं झालं. तू जेवूच नाई देऊन राहिली त्याले."

त्या दिवशी उडदाचे वडे झाले. रागाच्या भरात मी फिल्म फाडायला घेतली. ती मेली फाटेचना.

दिवाळीनंतर नवं धान आलं, गिरणीवर गर्दी झाली. पट्टा चढवता चढवता तो खाली बसला. तिरोड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. सासूबाई खिडकीपाशी फिल्म घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तुम्हीच खाऊ घालून मारलं त्याला, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बाराही दिवस मी ते घोळवत होते.

त्यांनी वर पाहिलं.

"उपाशीच गेला नं वं माहा पोरगा? मीच कमी पडली."

मी खाली बसले. त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली.

"नाई, आई," मी म्हटलं, "तुमी काईच कमी नाई पडू देलं."