पेलोच्या घरची मुलगी

सिल्वासाच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा फिरंगी जाऊन फार काळ लोटला नव्हता. कचेरीत आणि शाळेत कोकणातून, मुंबईतून आलेली आमच्यासारखी माणसं भरली होती. नव्या माणसाला गावात पहिली गोष्ट ऐकायला मिळायची ती पेलोची. पेलो हे काही त्याचं नाव नव्हे. गुजरातीत पेलो म्हणजे तो, पलीकडचा. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण घेत कुणी नसे, आणि मीही इथे घेत नाही.

विलायतेच्या राणीच्या अमदानीतला हा दरोडेखोर. इंग्रजांच्या हद्दीतली गावं लुटायची आणि उजाडायच्या आत हद्दीचा दगड ओलांडून फिरंग्यांच्या मुलखात, खानवेलच्या रानात शिरायचं, असा त्याचा शिरस्ता. इंग्रजांचे शिपाई दगडापर्यंत येत आणि हात चोळत परत जात. त्यामुळे दगडाच्या अलीकडे तो बहाद्दर ठरला आणि पलीकडे राक्षस. आमच्या जत्रेत एका फोटोवाल्याने घोड्यावर बसलेला पेलो पडद्यावर रंगवला होता. तोंडाच्या जागी भोक. तिथे आपलं तोंड घालून फोटो काढून घ्यायला कचेरीतले कारकूनसुद्धा रांग लावत. गोष्टीचा शेवट ठरलेला होता. शिपायांनी घेरल्यावर त्याने घोड्यासकट दमणगंगेत उडी घेतली आणि तो पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नाही. तो मेला असं मात्र कुणी म्हणत नसे.

मी एका विधवा बाईंच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली होती. त्यांना मी काकी म्हणे. त्या मला बेन म्हणत. दोन म्हशी, दारात आंबा आणि लग्नाची एकुलती मुलगी, एवढा त्यांचा संसार. काकींचं मराठी माझ्या मराठीपेक्षा निराळं होतं, अर्धं गुजरातीकडे झुकलेलं, पण महिन्याभरात मला ते गोड वाटायला लागलं.

शाळेच्या संमेलनासाठी हेडमास्तरांनी मला एक नाटुकलं बसवायला सांगितलं. मी मुलांना विचारलं, कशावर करू या? सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "पेलो!" सुरंगीहून आलेल्या मुलांना त्याचं गाणं येत होतं, अथालच्या एका मुलीला त्याच्या आरोळीची नक्कल येत होती. नाटक जवळजवळ आपोआपच बसलं. फक्त एक जुना फेटा हवा होता, म्हणून मी काकींकडे गेले.

"कशाला पाहिजे, बेन?"

मी सांगितलं. काकी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. फेटा त्यांनी काढून दिला, पण त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझं काय चुकलं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच माझ्या खोलीत आल्या आणि दाराशी बसल्या.

"तुम्हाला कोणी बोललं नाही? गावात तर सगळ्यांना खबर आहे. पेलो माझा आजेसासरा."

त्या पुढे बोलत राहिल्या. मुलीचं स्थळ वापीच्या बाजूचं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. पण त्यांचं मूळ गाव पेलोने लुटलेलं, आणि लुटलेल्या घरांत त्यांचंही घर होतं. बोलणी झाली तेव्हा काकींनी हे सांगितलं नव्हतं. आता येत्या रविवारी ती मंडळी गूळ खायला, म्हणजे लग्न पक्कं करायला येणार होती. मुलाची म्हातारी आजीही येणार होती. आणि आमचं संमेलन नेमकं त्याच संध्याकाळी, घरापासून हाकेच्या अंतरावर.

"नाटक झालं तर कोणीतरी बोलणारच, की हे काय, पेलो तर यांच्याच घरचा. मग खलास. माझी पोरगी घरात राहील."

मी तशीच उठून हेडमास्तरांकडे गेले. तारीख हलणं शक्य नव्हतं, मोठे साहेब यायचे होते. मुलांना दुसरं काही बसवून घेण्याइतके दिवसही उरले नव्हते. मी परत येऊन म्हणाले, "काकी, मी त्यांचं नाव घेत नाही. कुठल्या तरी भलत्या राज्यातला दरोडेखोर करते."

"नाव आता कोण घेतो, बेन? तरी सगळे ओळखतात," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

मुलगी आतून बाहेर आली. ती फार कमी बोलायची. मान खाली घालून शिवणकाम करत बसलेलीच मी तिला पाहिली होती. ती आईला म्हणाली, "सांगून टाक. गूळ खायच्या आधी. मोडलं तर मोडलं. लग्नानंतर कळलं तर मलाच रोज ऐकावं लागेल. तुला नाही."

काकींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही बसाल का माझ्या बाजूला?"

रविवारी मंडळी आली. मुलाचे वडील, दोन काका आणि आजी. आजी ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण चालताना कुणाचा हात धरू देत नव्हती. काकींनी लापशी केली होती. गुळाचं ताट मध्ये ठेवलेलं. मुलाच्या वडिलांनी ताटाकडे हात नेला तेव्हा काकी म्हणाल्या, "थांबा, भाई. आधी एक गोष्ट ऐका."

त्यांनी सांगितलं. अगदी थोडक्यात, खाली बघून. मी शेजारी बसले होते. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आत पळाली नाही.

मुलाचे वडील हसले. आधी मला वाटलं, चेष्टेने हसताहेत.

"वेवाण," ते म्हणाले, "चौकशी केल्याशिवाय कोण मुलगी मागतो? आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

वेवाण म्हणजे विहीणबाई. तो एक शब्द ऐकला आणि मला कळलं, लग्न मोडत नाही. काकींना मात्र अजून उमजलं नव्हतं.

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून आम्ही पण बोललो नाही," ते म्हणाले. "पण माझी आई आज मुद्दाम आली आहे. तिला तुम्हाला काही विचारायचं आहे."

म्हातारी पुढे सरकली. काकींच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन तिने विचारलं, "ए मरी गयो?"

तो मेला ना? एवढंच तिला हवं होतं. मग तिने जे सांगितलं ते तिच्या मुलालाही पुरतं ठाऊक नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूच्या दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या होत्या. पेलोच्या माणसांनी कानातलं काढायला वेळ दिला नव्हता. सासू मरेपर्यंत म्हणायची, तो नदीत बुडालेला कुणी पाहिला नाही, तो येईल. दिवस मावळला की दाराला अडसर. सासू गेली आणि अडसर सुनेच्या हातात आला. पेलो जिवंत असता तर शंभरीच्या पुढे गेला असता हे तिला कळत का नव्हतं? कळत होतं. पण कळून भीती जात नाही.

काकींनी तिचा हात धरला. "मरी गयो, मा. माझ्या सासूने हाताने पेज भरवली त्याला. नदीत उडी नाही, काही नाही. या मागच्या पडवीत खाटेवर दोन पावसाळे पडून होता. डोळ्यांनी दिसत नव्हतं. खोकला. पावलं वाजली की गोधडीत तोंड लपवायचा. सासू सांगायची, त्याला वाटायचं शिपाई आले."

"तो घाबरायचा?"

"फार घाबरायचा."

"आणि मेल्यावर?"

"रात्रीच नदीवर जाळला, गावाला कळू दिलं नाही. माझा सासरा खांदेकरी होता."

म्हातारीने पदराने डोळे पुसले, स्वतःच्या हाताने गुळाचा खडा उचलला आणि मुलीला जवळ बोलावून तिच्या तोंडात घातला. म्हणाली, "रडू नको. तू काही केलं नाहीस." मुलगी तोवर रडत नव्हती. ते ऐकून रडली.

संध्याकाळी सगळी मंडळी संमेलनाला आली. आजीला पहिल्या रांगेत, मोठ्या साहेबांच्या पलीकडे बसवलं. आमचा पेलो बाकावर चढला, आरोळी ठोकली आणि निळ्या लुगड्याच्या नदीत उडी घेतली. टाळ्या थांबायच्या आत आजीचा खणखणीत आवाज आला, "खोटुं! खाटेवर मेला तो, खोकून खोकून!" साहेबांसकट सगळे हसले. त्यांना ते नाटकाचाच भाग वाटलं असावं.

पाहुणे गाडीत बसून गेले आणि आम्ही तिघी घरी आलो. लापशी पाहुण्यांनी खाल्ली होती, आमच्या पोटात सकाळपासून काहीच नव्हतं. काकींनी पातेलं चुलीजवळ ओढलं, थाळ्यासुद्धा घेतल्या नाहीत. आम्ही तिघींनी पातेल्याभोवती बसून उरलेली थंडगार लापशी खाल्ली. मुलीने आजीच्या आवाजाची नक्कल केली आणि काकींना हसताना ठसका लागला.

"बेन," श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला एवढी भूक लागली होती, समजलंच नाही बघा."