नाझियाची बाजू

स्टाफरूममध्ये किस्से आपोआप साचत जातात. दुसऱ्यांचे आपण चहाबरोबर सांगतो, स्वतःचे लपवतो. झाशीतल्या आमच्या लॉ कॉलेजात मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणून हे मराठीत लिहितोय. हिंमत तेवढीच!

*

सिद्दीकी सर कंपनी लॉ शिकवतात. तरी मी त्यांनाच विचारलं, "सिद्दीकीजी, युद्धकैदियों पर इस्लामी क़ानून क्या कहता है?"

"भैया, किताब देखनी पड़ेगी. लाइब्रेरी में एक ही है, और तीन साल से आपके नाम पर इशू है!"

घरी शोधलं. पुस्तक टीव्ही डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेलं होतं.

*

मी आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवतो. एकदा ऐटीत सांगितलं, "जंग में आम लोगों को बचाने का ख़याल यूरोप ने दिया."

नाझिया उभी राहिली. सीपरी बाजारातल्या टेलरची मुलगी, वर्गात पहिली. "सरजी, पहले ख़लीफ़ा ने फ़ौज से कहा था, औरतों, बच्चों, बूढ़ों को मत मारना. यह तो सदियों पहले की बात है."

"बेटा, यह सिलेबस में नहीं है."

"है सरजी. यूनिट चार."

युनिट चार मी दरवर्षी गाळतो. त्या दिवशी मान वर करवेना.

*

परीक्षेसाठी मी प्रश्न काढला : 'इस्लामी देश आंतरराष्ट्रीय न्यायालयाला का घाबरतात?' छापण्याआधी प्रश्नपत्रिका तपासायला सिद्दीकी सरांकडे गेली. समासात त्यांनी लिहिलं होतं, 'यह सवाल है या जवाब?'

तेही पेन्सिलीनं, मला गुपचूप खोडता यावं म्हणून! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मग मूट कोर्ट, म्हणजे मुलांचा लुटुपुटूचा खटला. जिंकणारा दिल्लीला जाणार. आरोपी : निःशस्त्र गावकऱ्यांना मारून शरीअतची ढाल पुढे करणारा एक कमांडर.

"सरजी, मुझे इसके ख़िलाफ़ बोलना है," असं म्हणत नाझियानं महिनाभर तयारी केली होती.

आमच्याकडे बाजू चिठ्ठीनं ठरते. पण त्या कमांडरची बाजू हिनंच मांडलेली शोभेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी दोन्ही चिठ्ठ्यांवर 'बचाव' लिहिलं आणि उचलायला तिला बोलावलं. तिनं वाचली आणि जागेवर जाऊन बसली. उरलेली चिठ्ठी मी चुरगाळून टोपलीत टाकली.

खटल्यात न्यायाधीश मीच. नाझिया उभी राहिली.

"माय लॉर्ड, जो इल्ज़ाम है, वह शरीअत में भी जुर्म है. मैं उसके पीछे नहीं छुपूँगी. मेरे मुवक्किल को बस ऐसी अदालत चाहिए, जहाँ सब कुछ पहले से तय न हो."

मग ती पुढे आली. हातानं सरळ केलेला एक चुरगाळलेला कागद तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"एग्ज़िबिट वन, माय लॉर्ड."