आधी वाचून दाखव

पौडच्या एस.टी. स्टँडसमोर इस्माईल तांबोळ्याचं पानाचं दुकान होतं. नाव पानाचं, पण गिऱ्हाईक यायचं ते गप्पा मारायला. इस्माईलभाई पुण्याच्या एका साप्ताहिकाचा पौडचा वार्ताहर. पगार नाही, मान भरपूर. आठवड्याच्या बातम्या एका पाकिटात घालायच्या, गुरुवारी दुपारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या आणि शनिवारी सकाळच्या गाडीने आलेला छापील गठ्ठा सोडायचा. अकरा वर्षं त्याचा हा शिरस्ता चालला होता आणि अकरा वर्षांत त्याची एकही बातमी खोटी ठरली नव्हती. पानापेक्षा त्याला या गोष्टीचा जास्त तोरा होता.

सहासष्ट सालच्या कार्तिकात त्याच्याकडे जयसिंग आला. पुण्यात वृत्तपत्रविद्येच्या वर्गात शिकणारा, नवं फाउंटन पेन खिशाला लावणारा आणि जगाला दुरुस्त करायची घाई झालेला मुलगा. वर्गातल्या प्रत्येकाला महिनाभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं होतं. संपादकांनी याला पौडला धाडलं. मुंबईच्या मोठ्या दैनिकाची स्वप्नं बघणारा हा गडी चुन्याच्या डब्यांमध्ये येऊन बसला तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

त्यात इस्माईलभाईची रीत. बातमी लिहून झाली की पाकिटात जाण्याआधी ती ज्याची असेल त्याला वाचून दाखवायची. कुणाचं लग्न असो, कुणाचा बैल विहिरीत पडलेला असो, इस्माईलभाई कागद घेऊन त्याच्या दारात हजर. मामलेदारालासुद्धा त्याने त्याच्याविरुद्धची बातमी कचेरीत उभं राहून वाचून दाखवली होती. मामलेदार तापला, पण चूक काही दाखवू शकला नाही, म्हणून बातमी तशीच छापून आली.

"ही काही पत्रकारिता नव्हे, इस्माईलभाई," जयसिंग म्हणाला. "बातमीदाराने कुणाला विचारायचं नसतं."

"म्या कुटं इचारतुया? वाचून दावतुया," इस्माईलभाई म्हणाला आणि कात लावू लागला.

दुसऱ्या आठवड्यात इस्माईलभाई मेहुणीच्या लग्नाला चाकणला गेला आणि दुकान, पाकीट, तालुका असं सगळं जयसिंगच्या ताब्यात आलं. गुरुवारी गाडी सुटायच्या बेताला रिहे गावच्या भिवाजीबाबांचा पुतण्या नथू घाईने स्टँडवर आला. तोंड सुतकी.

"भूगावला उतरून भिवाजीच्या भैनीला निरोप सांगा," तो कंडक्टरला म्हणाला. "भिवाजी गेलं."

जयसिंगने कान टवकारले. रिह्याचे भिवाजीबाबा मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात येरवड्याची हवा खाऊन आले होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने नथूला गाठलं. कशाने गेले, विचारलं. "अवचित," एवढंच नथू म्हणाला आणि चालू पडला. जयसिंगने इस्माईलभाईची जुनी कात्रणं काढली, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून झरझर मृत्युलेख लिहिला आणि पाकिटात कोंबला. वाचून दाखवायला मेलेला माणूस कुठून आणणार? गाडी सुटली तेव्हा स्वारी आनंदाने हातभर फुगली होती.

शनिवारी बातमी पहिल्या पानावर आली. पौडच्या शाळेने अर्धी सुट्टी दिली. तिघे-चौघे हार घेऊन रिह्याच्या वाटेलाही लागले. लग्नाहून परतलेल्या इस्माईलभाईने अंक वाचला आणि चष्मा काढून खाली ठेवला.

"निरोप कुनी आणला?"

"त्यांच्या पुतण्यानेच. नथूने."

"आन् त्यांच्या घरला जाऊन आलास?"

गाडी सुटायला आली होती, जयसिंग म्हणाला. इस्माईलभाईने कपाळाला हात लावला. मग त्याला जी गोष्ट रिह्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं ती सांगितली. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की ते वाईट. त्यावर उपाय एकच. माणूस मेला असा खोटा निरोप जवळच्या नात्यात पाठवायचा. तिकडे चार आसवं पडली की माणसाचं मरण टळलं. मग दुसरा निरोप धाडायचा, बाबा सुखरूप आहे. आणि पहिला निरोप नेणाऱ्याने हसायचं नाही, खरं सांगायचं नाही.

"बाबा जिवंत आहेत?" जयसिंगने विचारलं.

"भात झोडत असतील."

तालुका दोन दिवस पोट धरून हसला. मंगळवारी संपादकांचं पत्र आलं, त्यात मात्र हसू नव्हतं. खुलासा ताबडतोब पाठवावा, अन्यथा पौडला दुसरा वार्ताहर नेमावा लागेल. बातमी इस्माईलभाईच्या नावाने छापली गेली होती. ती कुणी लिहिली हे पुण्यात कुणालाच माहीत नव्हतं. जयसिंगने नाव सांगितलं तर त्याचा महिना फुकट जाणार होता आणि नाही सांगितलं तर इस्माईलभाईची अकरा वर्षं. इस्माईलभाई त्याला एका शब्दाने काही बोलला नाही. त्यामुळे तर जयसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मुकाट्याने खुलासा लिहायला घेतला.

"लिवलास? चल तर मग," इस्माईलभाई म्हणाला. "ज्याचा हाय त्याला वाचून दाखवू."

दोघे रिह्याला चालत गेले. भिवाजीबाबा खळ्यावर विडी ओढत बसले होते. त्यांची बायको साळूबाई बाजूला सुपाने भात पाखडत होती. जयसिंगने हात जोडले.

"अरं, निसती भैन रडली असती तरी भागलं असतं," बाबा म्हणाले. "तू समदा तालुका रडीवलास. आता मला शंबर वर्सं मरान न्हाई. बरं, त्यात काय लिवलंस त्ये तरी ऐकू दे. मेल्याव कोन ऐकवणार?"

कात्रण जयसिंगच्या खिशातच होतं. त्याने चाचरत वाचलं. धरणाच्या कामावर जाऊन बसणाऱ्यांत भिवाजी अग्रभागी होते, त्यांनी चार महिने कारावास भोगला, त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित कन्या असा परिवार आहे.

सूप थांबलं.

"आन् माजं नाव?" साळूबाईने विचारलं.

"आहे की, आजी. शेवटी. पत्नी."

"पत्नी म्हंजी कोन? तशी तर घरटी एक हाय." तिने सूप खाली ठेवलं. "धरनावं पयली मी बसले. थोरला तवा काखंत व्हता. ह्ये मला घरला न्याया आले आन् शिपायांनी ह्यास्नीच धरलं."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी विडी विझवली.

"खरं हाय," ते म्हणाले. "मला कुनी इचारलंच न्हाई."

इस्माईलभाई साळूबाईकडे वळला. बाबांवर त्याने तीनदा लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांच्याच अंगणात वाचून दाखवलं होतं. "मावशी, मग तवा का बोलला न्हाई?"

"तू ह्यास्नी वाचून दाखवत व्हतास," साळूबाई म्हणाली. "मी च्या करत व्हते."

जयसिंगने खुलाशाचा कागद फाडला. खळ्यावर मांडी घालून तो नव्याने लिहायला बसला आणि विचारत गेला. किती जणी होत्या, काय नेसल्या होत्या, पोराला भूक लागली तेव्हा काय केलं. विचारून झालं की तो लिहीत राही आणि म्हातारी बोलत राही. तिला कुठे थांबावं हे कळत नव्हतं. इतकं तिला आजवर कुणी बोलू दिलं नव्हतं. शेवटी त्याने सगळं तिला वाचून दाखवलं. तिने एकच बदल सांगितला.

"माज्या म्हायेरच्या गावाचं नाव घाल. पान्याखाली गेलं, पर कागदावं घाल."

त्याने ते घातलं. सर्वांत खाली लिहिलं, मृत्यूची बातमी मी, जयसिंगने, खात्री न करता पाठवली, इस्माईलभाई तेव्हा पौडात नव्हते. संपादकांनी साळूबाईची हकिगत खुलाशासकट पहिल्या पानावर छापली आणि वार्ताहर बदलण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

महिना संपला. जयसिंगच्या वर्गाला पाठवायचा शेरा इस्माईलभाईने लिहिला, पाकीट उचललं आणि थांबला.

"बस हितं. तुजी बातमी हाय."

त्याने चष्मा लावून वाचलं. "'जयसिंग यांनी येथे एका जिवंत माणसास मारले. ती चूक त्यांनी स्वतःच्या नावावर छापून घेतली. जी बातमी मला अकरा वर्षांत सापडली नाही ती त्यांना महिन्यात सापडली.'" त्याने वर पाहिलं. "चुकलंय का काई?"

बाहेर कंडक्टर घंटी मारत होता.

"शेवटचं चुकलंय," जयसिंग म्हणाला. "मला सापडली नाही. साळूबाईंनी दिली."

इस्माईलभाईने ते वाक्य खोडलं, वर साळूबाईचं नाव लिहिलं आणि पाकीट घेऊन गाडीकडे पळाला.