पहिल्या फेरीचा हक्क

धावपट्टीवर सगळे त्याला कानसेन म्हणतात. इंजिन सुरू झालं की हा मेकॅनिक डोळे मिटून कान देतो आणि चारांतला कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगतो. मी दातांचा डॉक्टर. माझं दोन आसनांचं जुनं विमान अकरा वर्षं त्याच्या हाताखालून जातंय. माणूस सरळ, मोजकं बोलणारा, घरी एक म्हातारी आई. पाने-पकडी पुसून फडक्यावर मांडतो आणि मोजणी जुळल्याशिवाय इंजिनाचं झाकण बसवत नाही. विमान चालवायचा परवाना त्याच्याकडे माझ्याही आधीपासून आहे. विमान मात्र माझ्याकडे आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचा हेवा वाटायचा आणि असलं काहीतरी आठवलं की जरा बरं वाटायचं.

हेवा एवढ्याचसाठी, की माझं विमान त्याचं ऐकायचं. थंडीच्या सकाळी दहा वेळा चावी फिरवून मी घामाघूम झालो, की हा शांतपणे यायचा, पेट्रोलचा दट्ट्या दोनदा दाबायचा आणि पंखा फिरू लागायचा. घरी मी इतका धुसफुसायचो की एकदा बायको म्हणाली, "माझं ऑपरेशन करताना सर्जनने मला हात लावला, तेव्हासुद्धा एवढा राग आला नव्हता तुम्हाला."

गेल्या वर्षी सिलिंडर झिजले. त्याने चारही उतरवून आतून घासले, पिस्टनवर नव्या रिंगा घातल्या. सहा आठवडे खपला. त्याचा एक नियम होता. इंजिन ज्याने उघडलं, पहिली फेरी त्यानेच मारायची, तीही एकट्याने. काम चुकलं असेल तर ते आधी आपल्याला भोवू दे, असं त्याचं म्हणणं. बाकीचे मालक खुशाल चावी देतात. मी दिली नाही. माझं विमान याने उडवायचं आणि मी खाली उभं राहून मान वर करून बघायचं, हे माझ्या पचनी पडेना.

त्याने वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, की पहिला तास मैदानाच्या डोक्यावरच घिरट्या घाला आणि इंजिनाचा जोर कमी करू नका. नव्या रिंगा जोर दिला तरच सिलिंडरच्या भिंतीला घासून बसतात, लाड केलेत तर बसणार नाहीत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच खुर्चीत बसून पेशंटने मला ड्रिल कसं धरायचं ते शिकवावं, तसं वाटलं. मग मी मुद्दामच बाळंतिणीला जपावं तसं त्या इंजिनाला जपलं. पंधरा तास कमी जोरावर उडवलं आणि मनात म्हटलं, बघ, मालकाची माया कशी असते.

थोड्याच दिवसांत ते तासाला लीटरभर तेल प्यायला लागलं. विमानाच्या पोटाखाली काळे ओघळ आले. शेवटी तोंड पाडून त्याच्याकडेच जावं लागलं. त्याने सिलिंडर उतरवला, आत बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली होती, रिंगांना घासायला खरखर उरलीच नव्हती. रिंगा बसल्याच नव्हत्या. त्याने काही विचारलं नाही, म्हणून मीच कबूल केलं: मुद्दाम ऐकलं नाही, तुमच्यावर जळत होतो.

त्याने फडक्याला हात पुसले.

"जळत तर मीपण होतो, डॉक्टर. अकरा वर्षं. झाकण बसवलं की वाटायचं, झालं, आता हे उडवणार तुम्ही. तोंड कडू व्हायचं." मग पाना उचलत म्हणाला, "पण ते मी कधी हातात उतरू दिलं नाही."



सगळं काम पुन्हा झालं, तेव्हा चावी मी स्वतः नेऊन दिली. तो एकटाच चढला आणि पूर्ण जोरात वर गेला. तासभर मैदानावर घिरट्या घालत होता. इतकं भरून वाजणारं इंजिन मी माझ्या हाताखाली कधी ऐकलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर पोटातही दुखतच होतं. तास होऊन वर वीस मिनिटं झाली तरी तो उतरेना. हात करून खाली बोलवावं असं फार मनात आलं. मी दोन्ही हात खिशात घातले.