एका हाताची पोळी

मधूभावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी परतत होते. फोन नेहमीसारखा ओट्यावर, स्पीकरवर. आनंदनगर एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये ते रिटायर झाल्यावरही रोज जाऊन बसायचे, तिथले मालक बोलत होते. "वहिनी, काका गेले हो... स्टुलावर बसल्या बसल्याच. चहा पण तसाच आहे." मी आधी गॅस बंद केला. मग ह्यांना हाक मारली. धाकटा भाऊ गेल्याचं नवऱ्याला सांगायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला आता दीड महिना होईल.

भावोजी माझे दीर. लग्न केलं नाही, त्यामुळे जन्मभर आमच्याच घरात, अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. कारखान्यातली हत्यारं तिथेच राहायची, पण डोकं घरी यायचं, आणि ते सोसायचं आम्ही. जेवता जेवता विचारायचे, "वहिनी, पेनाच्या टोपणाला वर भोक का असतं?" मी म्हणायचे, कंपनीचं प्लास्टिक वाचावं म्हणून. "छे! पोराने गिळलं तरी श्वास चालू राहावा म्हणून." पाहुण्यांना शिवमंदिरात नेलं की देवदर्शन राहायचं बाजूला, दगडावर दगड कसा बसवलाय तेच अर्धा तास दाखवत बसायचे. एकदा त्यांनी गच्चीवरच्या टाकीला शिट्टी बसवली. टाकी भरली की वाजायची. झकास वाजायची, फक्त तिचा आवाज हुबेहूब आमच्या कुकरसारखा होता. दोन शिट्ट्या टाकीच्या, एक कुकरची, मी गॅस बंद करायचे आणि डाळ कच्ची! चार दिवस आम्ही कच्चं वरण खाल्लं, तेव्हा कुठे या विद्वानाच्या लक्षात आलं. मी चिडले की म्हणायचे, "ट्रायल चालू आहे." जन्मभर यांची ट्रायलच चालू!

तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. जीभ तर दुसऱ्याच दिवशी सावरली, तिला काही झालंच नव्हतं असं घरचे म्हणतात. पण उजवा हात गेला तो गेलाच. डाव्या हाताने मी हळूहळू चहा केला, भाजी परतली, भांडीसुद्धा विसळली. पोळी मात्र होईना. सून मुग्धा सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळ्यांच्या पोळ्या करून जायची, एका शब्दाने कधी कुरकुरली नाही. पण दुपारी एखादी गरम पोळी खावीशी वाटली तर संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग थकून आलेल्या त्या पोरीला हाक मारायची... मला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पन्नास वर्षं या घराला मी वाढलं होतं. मला पोळी हवी होती ती खायला नाही, करायला.

हे मी कोणाला बोलले नव्हते. भावोजींना कसं कळलं देव जाणे. एक दिवस त्यांनी ओट्यावर एक धूड आणून ठेवलं. लोखंडी पोळपाट, त्याला चार बाजूंनी चार चिमटे. "बघा वहिनी, कणकेची लाटी मध्ये ठेवायची, चिमटे लावायचे, जॉब हलणार नाही. मग एका हाताने खुशाल लाटा." मी बघतच राहिले. साठ वर्षं दोन वेळा पोळी खाणारा माणूस! "अहो भावोजी," मी म्हटलं, "लाटताना पोळी फिरते. ती फिरते म्हणून तर गोल होते!" खरंच माहीत नव्हतं त्यांना. कारखान्यात धरलेली वस्तू, त्यांच्या भाषेत जॉब, हलली की माल वाया, हेच जन्मभर शिकलेले. तिथेच थांबले असते तर मी हसले असते. पण ते चिमटे सैल करून बघायला लागले आणि माझा तोल सुटला. "कोणी सांगितलंय तुम्हाला या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला? मी काय तुमची ट्रायल आहे?" असं बोलले मी त्यांना. त्यांनी धूड उचललं आणि निघून गेले. त्या शब्दांची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आवाज आला म्हणून गेले. भावोजींनी उजवा हात टॉवेलने पोटाशी बांधून घेतला होता आणि डाव्या हाताने पोळी लाटत होते. म्हणजे लाटायचा प्रयत्न करत होते. कणीक चष्म्यापर्यंत गेली होती. "बोलू नका," म्हणाले, "मला कळू द्या." महिनाभर रोज दुपारी हा प्रकार. पोळ्या कसल्या, एकेक महाराष्ट्राचा नकाशा! त्या सगळ्या त्यांनीच खाल्ल्या, वाया एक जाऊ दिली नाही. मग उल्हासनगरला जाऊन बेअरिंग आणलं. सिंधी दुकानदार म्हणे हसून लोटपोट झाला, "साईं, रोटी के लिए बेअरिंग?"

यावेळचा पोळपाट लाकडी होता आणि बेअरिंगवर फिरत होता. लाटण्याचं एक टोक बाजूच्या छोट्या खांबाला अडकवलेलं, दुसरं माझ्या डाव्या हातात. मी लाटणं दाबलं की खालचा पाट आपोआप थोडा वळायचा. पहिली पोळी गोल झाली नाही. चौथी झाली. ती भावोजींनी तव्यावरून उचलून उभ्या उभ्याच खाल्ली, तुपाशिवाय. "चांगली आहे" एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं मी दुपारच्या पोळ्या केल्या.

आणि तेरावं उरकल्यावर आठवड्याभरात तो पाट अडकला. फिरेचना. पीठ आत जाऊन घट्ट बसलं असणार. हे म्हणाले, वर्कशॉपमध्ये पाठवू, कोणीतरी बघेल. मुग्धा म्हणाली, "आई, राहू दे ना, मी करते पोळ्या." मी नको म्हटलं, पण कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाच माहीत नव्हतं. आता संपलं, असंच वाटत होतं. ते गेले आणि माझी पोळीही गेली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी तो पाट उलटा केला. आजवर कधी केलाच नव्हता, गरजच पडली नव्हती. उलटा ठेवल्याबरोबर त्याची एक खाच ओट्याच्या कडेवर जाऊन बसली आणि पाट जागचा हलेना. मधोमध एकच नट. साधा नाही, दोन मोठे कान असलेला, पाना न लावता बोटांनी फिरवायचा. मी डाव्या हाताने धरला आणि फिरवला. सहज सुटला. म्हणजे हा माणूस पुन्हा उजवा हात बांधून बसला असणार, आणि उघडून बघितलं असणार. ते नसताना मला हे उघडावं लागेल, हे त्यांनी तेव्हाच धरलं होतं. एका शब्दाने बोलले नाहीत. मी ओट्याला टेकून खूप रडले.

मग फडक्याने आतलं पीठ पुसलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले, नट परत बसवला. पाट फिरला. त्या दुपारी मी तीन पोळ्या केल्या. कोणालाही हाक मारावी लागली नाही.