एका माणसाची होडी

केसरबाईनं आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती बघून घेतली नाही. माठ घ्यायचा तर कुंभाराच्या दारात ठाण मांडून आधी त्यात पाणी भरायला लावायची आणि तो कुठं पाझरतोय ते बघत तासभर गप्पा छाटायची. शेळी घेताना शेळीपेक्षा तिच्या मालकाच्या तोंडाकडं जास्त बघायची. अंगदसाठी, म्हणजे एकुलत्या एका लेकासाठी, राजनंदिनीला पाहायला गेली तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाली होती, "पोरी, ती घागर उचल बरं जरा." मुलीकडच्यांची तोंडं उतरली. राजनंदिनीनं मात्र घागर उचलली आणि हिच्याच पुढ्यात दाणकन ठेवली. सून तिथंच पसंत पडली.

अशा बाईसाठी आता होडी घ्यायची होती.

त्यांचं गाव माजलगावच्या धरणाच्या फुगवट्यावर. धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर माळावर येऊन राहिली. केसरबाईच्या घरची चांगली जमीनही तशीच गेली. उरला तो पाण्यापलीकडचा एक उंचवटा. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला वेड्या बाभळींचं रान. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या फुगवट्याला वळसा, आणि पाण्यावरून गेलं तर मारलेली हाक ऐकू जाईल एवढंच अंतर. त्या उंचवट्यावर तूर आणि ज्वारी उभी असायची. दिवाळी झाली की अंगद आणि राजनंदिनी ऊस तोडायला कारखान्यावर जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, आणि मागं शेत राखायची केसरबाई. इतकी वर्षं ती चप्पूवरून ये-जा करायची. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे एकत्र बांधून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला तराफा. यंदा उंदरांनी तो इतका कुरतडला, की पाण्यात टाकल्याबरोबर भिजलेल्या गादीसारखा बसला.

पण अंगदनं होडीचं मनावर घेतलं त्याचं कारण उंदीर नव्हते. खरं कारण तो फक्त बायकोजवळ बोलला होता. आपण ऊसतोडीहून परत येऊ आणि घराला कुलूप असेल, माय बप्पांबरोबर निघून गेलेली असेल, अशी त्याला धास्ती होती.

बप्पा म्हणजे त्याचा बाप, राधाकिशन. त्याला त्या पाण्यानं नेऊन आता बरीच वर्षं झाली होती.

केसरबाई मूळची पाटोद्याकडची. माहेरी पाणी म्हणजे टँकरमागं पळून मिळवलेल्या दोन घागरी. लग्न होऊन इथं आली, दारापुढं एवढं पाणी बघून पहिल्या दिवशी घाबरून रडली आणि दुसऱ्या दिवशी संतापली. "एवढं पानी हितं उगंच पडून हाय, आन् माझी माय तिकडं रानोमाळ हिंडायलीय," असं तिनं नवऱ्याला सुनावलं, जणू धरण त्यानंच बांधलं होतं. राधाकिशन अंगानं धिप्पाड, पण मवाळ माणूस. बायकोचं ऐकून घेण्याचं काम त्यानं जन्मभर इमानेइतबारे केलं. दोघं जोडीनं ऊसतोडीला जायचे. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; मुकादमाच्या लेखी दोन माणसं नसतातच, एक कोयता असतो. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची आणि बोलायची. ऊस संपायचा, तिचं बोलणं संपायचं नाही.

मग एकदा भर दुपारी राधाकिशन कडबा आणायला चप्पू घेऊन पलीकडं गेला. चप्पू परत आला. त्यावर पेंढ्या नीट रचलेल्या, दोरी आवळलेली, वर त्याचा टॉवेल घडी करून ठेवलेला. माणूस नव्हता. मासेमारांनी जाळी ओढली, गळ टाकले, सरकारी पथक रबरी बोट घेऊन आलं आणि हात हलवत गेलं. पुढं काही दिवसांनी भावकीतल्या बायका कुंकू पुसायला आल्या. केसरबाईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच विचारलं, "मढं आनलंय का?" त्या म्हणाल्या, न्हाई. "मग च्या घ्या आन् जावा," ती म्हणाली, आणि चहा काही टाकला नाही. त्या हंगामात मुकादमानं तिला अर्धा कोयता म्हणून चल म्हटलं, तर त्याचीही तिनं दारातूनच पाठवणी केली. आपण अर्धी आहोत हे तिला मान्यच नव्हतं.

पाण्याला भिणारी ही बाई त्यानंतर स्वतः वल्हं मारायला शिकली. चप्पूवर ती मध्ये कधीच बसायची नाही. एका कडेला, जायच्या दिशेला पाठ करून बसायची आणि समोरच्या रिकाम्या कडेकडं बघून बोलायची. खताच्या पिशवीचा भाव, सुनेची तक्रार, कुणाच्या म्हशीनं तूर खाल्ली ते. मध्येच थांबायची, ऐकायची, मान हलवायची, कधी हसायची. सुरुवातीला गावानं टवाळी केली. गावाला दुसरं काम काय असतं! पण पुढं पुढं टवाळी आपोआप बंद झाली. माणसं तिला पाण्यावर बघून तोंड फिरवायची, आणि का फिरवतो ते कुणी कुणाला सांगायचं नाही.

होड्या बांधणारा अभिमन्यू धरणाच्या भिंतीकडच्या काठाला राहायचा. मायलेक त्याच्याकडं गेले तेव्हा तो डांबर लावत बसला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मान्सं किती बसनार?"

"एक," अंगद म्हणाला.

"दोन," केसरबाई त्याच दमात म्हणाली.

"आदी घरात ठरवून या की," अभिमन्यू हसला.

त्याच्याकडं तीन चिजा होत्या. एक, बंद पडलेल्या गुऱ्हाळातली गुळाची भलीमोठी कढई. दुसरी, रुंद पोटाची लाकडी होडी, समोरासमोर दोन फळ्या असलेली. तिसरी पत्र्याची, अरुंद आणि लांबोळकी, एकच फळी असलेली. एकट्या बाईनं ओढून काठावर घ्यावी इतकी हलकी.

"कढई बुडत न्हाई," तो ती पाण्यात लोटत म्हणाला, "पर एकटं मानूस असलं की गरागरा फिरती. मावशी, बरुबर मधी बसा. कडंला बसलात तर कलंडंल."

केसरबाई कडेला बसली. कुणाचं ऐकायची सवय तिला कधी नव्हतीच.

कढई तिच्या बाजूला झपकन कलली. अभिमन्यू धरायला पुढं धावला. तेवढ्यात समोरची कड खाली गेली. झटक्यानं नाही, सावकाश. कुणी आधी एक पाय आत टाकावा, अंदाज घ्यावा आणि मग दुसरा टाकून टेकावं, तशी. कढई समतोल झाली. वारा होता, काठाची लव्हाळी हलत होती, पण कढई जागची तसूभरही फिरली नाही. केसरबाई पदर सावरून निवांत बसली होती. समोर कुणी नव्हतं.

"मावशी," अभिमन्यूचा आवाज एकदम खाली आला, "उतरा आता." ती उतरली. त्यानं कढई ओढून काठावर उलटी घातली, दोन्ही हात मातीनं घासून धुतले आणि म्हणाला, "ही इकायची न्हाई."

केसरबाईला त्याचं काही विशेष वाटलं नाही. ती लाकडी होडीकडं गेली, पाठमोरी बसली आणि समोरची फळी पदरानं पुसून घेतली. पाहुण्याला बसायला द्यायच्या आधी आपण खुर्ची पुसतो, तशी. "ही घिऊ," ती म्हणाली.

अंगद घाईनं मध्ये पडला. "पत्र्याची द्या," तो अभिमन्यूला म्हणाला.

"तिच्यात जागा कुटं हाय?" केसरबाईनं विचारलं.

"तुज्यापुरती हाय की."

"आन् ह्यांनी कुटं बसायचं?"

अंगदनं तिच्याकडं न बघता सांगून टाकलं, "माय, बप्पा न्हाईत आता." इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण टेम्पोत होडी चढवली, दोरखंड आवळले, घरी येऊन उतरवली, तरी ती अवाक्षर बोलली नाही. केसरबाई गप्प! अंगदला ऊसतोडीतल्या थंडीचं कधी भ्या वाटलं नव्हतं, ते त्या गप्प बसण्याचं वाटलं.

"तुमी त्येंची बसायची जागा काढून घेतली," राजनंदिनी भाकरी थापता थापता म्हणाली.

"जागा ठिवली तर येक दिवस ती त्येंच्यासंगं जाईल," अंगद म्हणाला. "आपुन इथं नसनार. तिला कोन हाक मारनार? येकाचीच होडी असली म्हंजी येकटी जाईल, येकटी यील. तुटंल ते हळूहळू." राजनंदिनीनं भाकरी उलटली. तिला पटलं नव्हतं, पण दुसरा उपाय तिच्याकडंही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाईनं होडी पाण्यात लोटली. ठोकून बघितली नाही, हलवून बघितली नाही, एका शब्दानं नाव ठेवलं नाही. फळीवर बसली, तोंड पुढं केलं आणि निघाली. होडी हलकी, सरळ जात होती. अंगद काठावर उभा राहून बघत होता. जमलं, असं त्याला वाटलं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

अर्ध्यात गेल्यावर तिनं वल्हं थांबवलं. होडीच्या डाव्या अंगाला वाकून तिनं पाण्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा वल्हं मारायला लागली, पण अगदी हळू. शेजारून कुणी पायी चालत असला की सायकलवाला पायडल मारायचं सोडून रेंगाळत राहतो ना, तितकं हळू. आणि डाव्या अंगाला मान करून ती बोलत होती. तिथं पाणी दोन पुरुष खोल होतं.

ती पलीकडं पोचली, तुरीत दिसेनाशी झाली. अंगद घरी आला. दुसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी येणार होती; तवा, डबे, गोधड्या बांधायच्या होत्या. त्यानं तीच गाठ किती वेळा सोडली आणि बांधली. शेवटी राजनंदिनी म्हणाली, "जावा, बघून या मायला." ऊन कलायला लागलं होतं. तो काठाकडं निघाला.

होडी येत होती.

आधी त्याला हायसं वाटलं. मग त्यानं नीट पाहिलं. वारा ह्या काठाकडून त्या काठाकडं वाहत होता. कुणीतरी बांधावर पेटवलेल्या पाचटाचा धूर पाण्यावरून पलीकडं चालला होता. होडी त्या वाऱ्याच्या तोंडावर, सरळ रेघेत, त्याच्याकडं येत होती. तिच्यात कुणी नव्हतं. वल्हं आत आडवं ठेवलेलं होतं आणि त्याचं पातं कोरडं ठणठणीत होतं. रिकामी होडी पाण्यावर पानासारखी तरंगते. ही तशी तरंगत नव्हती. सकाळी माय बसली होती त्याहीपेक्षा खोल, एका धिप्पाड माणसाच्या वजनानं दबलेली होती.

पलीकडच्या काठावर केसरबाई उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर आडवा हात. अंगदला पाहिल्यावर तिनं दोन्ही हातांचा कर्णा केला. वारा उलटा होता, तरी शब्दन् शब्द स्पष्ट आला.

"अंगद! आदी त्येन्ला हात दी रं! बसून बसून गुडघे आकडलेत त्येंचे!"

होडी काठाच्या चिखलाला टेकली आणि थांबली.

अंगदला पळायचं होतं. पाय तयारही झाले होते. पण माय पलीकडं होती, दिवस मावळतीला लागला होता, बाभळीच्या रानातून ती येऊ शकत नव्हती, आणि तिला आणायला दुसरं काही नव्हतं. हीच होडी होती. ती त्यानंच, आपल्या तोंडानं मागून घेतली होती, एका माणसापुरती. तिच्यात त्याला बसायचं तर आधी ती रिकामी व्हायला हवी होती. जागा एकच होती, आणि मायनं ती कुणाला दिली हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या आईचा इतका राग आला आणि तितकंच रडू आलं.

तो चिखलात दोन पावलं गेला. उजवा हात पुढं केला. डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

तळव्यात तळवा आला. थंड होता, ओला होता, आणि बोटांच्या मुळाशी कोयत्याचे घट्टे होते. अंगदनं डोळे मिटून ओढलं. खांद्यात कळ येईपर्यंत ओढलं. होडी एकदम वर उचलली गेली आणि हलकी होऊन डुलायला लागली.

त्यानं डोळे उघडले. काठावर कुणीच दिसत नव्हतं. तरी तो बाजूला सरकला, खांद्यावरचा गमजा काढून त्यानं तिथल्या दगडावर पसरला. मग होडीत बसून वल्हं हातात घेतलं. येताना माय फळीवर आणि तो तळाशी उकिडवा, एवढं वजन होडीनं कसंबसं पेललं असतं. पलीकडं माय वाट बघत उभी होती.

"बप्पा," तो म्हणाला, "तुमी बसा हितंच. मायला घिऊन येतो."