आखाजीची पाहुणी

बाहेरगावी कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी खान्देशातली असं सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. निम्म्या लोकांना खान्देश विदर्भात वाटतो, काहींना मध्य प्रदेशात. एक बाई म्हणाल्या, अहो म्हणजे नाशिकच ना ते. मी मान डोलावली. वाद घालायचा कंटाळा येतो आता. चार ठरलेल्या गोष्टी सांगते आणि मोकळी होते: जळगावकडची केळी, सगळीकडचा कापूस, वांग्याचं भरीत आणि ऊन. उन्हाचं नाव काढलं की लोक खूश होतात, कारण आमच्याबद्दल त्यांनी तेवढंच ऐकलेलं असतं.

तसा मुलूख लहानच. पण त्यातही या टोकाचं त्या टोकाला कळत नाही. मुक्ताईनगरकडची, म्हणजे तेव्हाच्या एदलाबादकडची बाई बोलायला लागली की धुळ्याच्या बायका पदराआड हसतात, आणि धुळ्याची बाई 'आहे'ला 'शे' म्हणाली की तिकडच्या बायका पदराचीही तसदी घेत नाहीत. एवढाच फरक असता तर बरं होतं. कोण कुणाच्या घरी पाणी पितो आणि कोण पीत नाही, हा आमच्या मुलखाचा खरा भूगोल. तो शाळेत कुणी शिकवला नाही, परीक्षेत कधी आला नाही, आणि तरी तो सगळ्यांना तोंडपाठ होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला, देवपुरात कॉलेजात शिकत होते. वडील सरकारी कचेरीत कारकून. कॉलेजच्या मागच्याच गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. कॉलेजची घंटा आईला चुलीपाशी ऐकू यायची आणि तिच्यावरूनच ती माझी भाकरी तव्यावर टाकायची. आम्ही बौद्ध. गल्लीत बाकीचे सगळ्या जातींचे लोक होते, बोलणंचालणं उत्तम होतं. वाटीभर साखर द्यायला-घ्यायला कुणाची ना नव्हती. शिजवलेल्या अन्नाची वाटी मात्र आमच्या दारातून बाहेर जायची नाही. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच काय.

त्या उन्हाळ्यात कॉलेजात शिबिर भरलं. कोकण, पुणे, नागपूर अशा ठिकाणची मुलं-मुली आली होती. शेवटच्या संध्याकाळी समारंभ होता आणि त्यात पाहुण्यांना खान्देशची ओळख करून देणारं भाषण मी करायचं होतं. मराठीच्या सरांनी मला निवडलं. सर मवाळ होते, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझे उच्चार स्वच्छ आहेत असं ते सगळ्यांना सांगायचे. भाषण त्यांनीच सांगितलं आणि माझ्याकडून घोटून घेतलं. काळी कसदार जमीन, केळीच्या बागा, पारोळ्याचा किल्ला, मुक्ताबाईंचं देऊळ, सगळं होतं त्यात. आणि एक वाक्य असं होतं की खान्देशी माणसाच्या दारातून पाहुणा कधी उपाशी जात नाही. तिथे थोडं थांबायचं, असं सरांनी बजावलं होतं. टाळ्या पडायला.

शिबिराच्या शेवटच्याच दिवशी आखाजी आली. बाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरोघरी मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, आणि आंब्याचा रस होतो. शिबिराचा स्वयंपाकी सणाला गावी गेला, म्हणून त्या दिवशी एकेका पाहुण्याला एकेका स्थानिक विद्यार्थ्याने दुपारी घरी जेवायला न्यायचं ठरलं. कोकणातली एक मुलगी माझ्या वाट्याला आली. वाट्याला म्हणजे तिनेच मला मागून घेतलं. शिबिरात ती माझ्या शेजारी बसायची आणि मांडे म्हणजे नक्की काय, हे विचारून विचारून तिने माझं डोकं खाल्लं होतं.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भांडी घासत होती. तिने हात धुतले आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "ती आपला हातना मांडा खाई ना?"

मी म्हटलं, खाईल ना, तिनेच मागितलेत.

आईचं लहानपण पारोळ्याकडच्या खेड्यातलं. आखाजीच्या आधी ती आजीबरोबर शेतकऱ्यांच्या घरी गहू निवडायला, अंगण सारवायला जायची. खापर चुलीवर चढलं की मायलेकींना उठवून लांब बसवायचे. संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या पदरात वरून मांडे टाकायचे, हाताला हात लागणार नाही इतक्या वरून. आई लांब बसून नुसतं बघायची, आणि बघून बघूनच शिकली. पुढे तिच्यासारखे मांडे आमच्या सगळ्या नात्यात कुणाला जमत नसत. पण ते खाल्ले आमच्याच माणसांनी. परक्या घरच्या माणसाने आपल्या ओट्यावर बसून आपल्या हातचा मांडा खावा, एवढं एक तिला हवं होतं. दागिने मागितले नाहीत तिने कधी, आणि हे मागणंही त्या दिवशी पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

मी तिला म्हटलं होतं, पुऱ्या कर, रस कर, भागेल. मला भीती वाटत होती, कसली ते सांगता आलं नसतं. पुऱ्या घरात दार लावून होतात. मांडे तसे होत नाहीत. त्यांना बाहेर तीन दगडांची चूल लागते, तिच्यावर मोठं मातीचं खापर उपडं घालावं लागतं, खाली कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ एकसारखा ठेवावा लागतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि मग खापरावर अलगद टाकायचा. हे सगळं भर गल्लीत चालतं. कुणाकडे मांडे आहेत आणि कुणासाठी आहेत, हे लपून राहूच शकत नाही. आखाजीला पाहुणा येणार आणि त्याला पुऱ्या वाढायच्या, हे मात्र आईच्या डोक्यात शिरेना. ती म्हणाली, मग त्याला जेवाले बोलावनं कसाले.

सकाळीच आईने दारासमोर चूल मांडली. समोरच्या अक्का मदतीला आल्या. त्या रावेरकडच्या, माहेरी केळीच्या मोठ्या बागा. पाहुणीला जेवायला त्यांनी स्वतःहून केळीची पानं आणून दिली, जाळ सारायला बसल्या, पुरणात जायफळ किती घालावं ते सांगितलं. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारत होत्या, कोण येणार आहे, आणि आई प्रत्येकीला सांगत होती, पोरीची मैत्रीण, कोकणातली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मीच ओशाळले. पण आईचा चेहरा इतका उजळलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे.

दुपारी मी पाहुणीला आणायला कॉलेजवर गेले. मागच्या फाटकाजवळ सर उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्याकडची मुलगी प्राचार्यांकडे गेली. तुमचं घर तिला जरा लांब पडलं असतं."

प्राचार्य पांझरा नदीच्या पलीकडे राहायचे. तिथे जायला पूल ओलांडून जीपने जावं लागायचं. आमचं घर सर उभे होते तिथून दिसत होतं. चुलीचा धूरसुद्धा दिसत होता.

मी म्हटलं, सर, घर मागेच आहे. सर म्हणाले, ते खरं, पण बाहेरची मुलगी, उद्या तिच्या घरच्यांनी काही म्हटलं तर कॉलेजचं नाव जाईल, तू शहाणी आहेस, समजून घे. मग संध्याकाळी भाषणाला वेळेवर ये असं सांगून ते आत गेले. जातीचा शब्द त्यांनी काढला नाही. आमच्याकडचे चांगले लोक तो कधीच काढत नाहीत. मला एवढंच कळलं की खान्देशची ओळख करून द्यायला माझा आवाज चालतो आणि त्याच खान्देशचा मांडा करायला माझ्या आईचा हात चालत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिळपापड घेऊन जायचं कुठे? घरीच जायचं होतं.

आई हातावर मांडा झेलत होती. मला एकटीला बघून तिने फक्त विचारलं, "नही ऊनी?"

मी मान हलवली. आईने हातातला मांडा खापरावर टाकला, भाजला, घडी घालून ठेवला आणि दुसरा गोळा घेतला. मध्येच थांबली असती तर गल्लीला सगळं कळलं असतं. अक्कांनी विचारलं, उशीर होणार का तिला, तेव्हा आई म्हणाली, संध्याकाळी येणार आहे. पीठ संपेपर्यंत ती करत राहिली. भर उन्हात, जाळासमोर, कुणासाठी तर कुणासाठीच नाही.

नंतर तिने अक्कांना पान घेऊन बसा म्हटलं. खरंच म्हटलं, आग्रहाने. अक्का म्हणाल्या, आज माझा उपास आहे हो. आखाजीच्या दिवशी उपास धरणारी बाई मी खान्देशात तेवढीच पाहिली. केळीचं पान तुमचं, जायफळ तुमच्या अंदाजाचं, जाळ तुम्ही सारलेला, आणि खायच्या वेळेला उपास. आईने हसून मान डोलावली आणि त्यांना हात धुवायला पाणी दिलं. वडील त्या दिवशी मुकाट्याने दोन माणसांचं जेवले. मी ताट बाजूला सारलं, तर आईच माझ्यावर चिडली.

संध्याकाळी भाषणाला मी जाणार नव्हते. आईने मला नेलं. नेलं म्हणजे स्वतःच लग्नातली साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल. ती शेवटच्या रांगेत बसली. मी बोलले. काळी जमीन, केळी, कापूस, किल्ला, सगळं सरांनी घोटून घेतलं होतं तसंच बोलले, फक्त पाहुणा उपाशी न जाण्याचं वाक्य आलं तिथे थांबले नाही. तरी टाळ्या पडल्याच. लोकांना ते वाक्य फारच आवडलं.

समारंभ संपल्यावर मी आईकडे गेले. तेवढ्यात मागून कोकणातली ती मुलगी धावत आली. ही तुझी आई ना, असं म्हणून तिने वाकून आईला नमस्कार केला. मग तिने उलटा हात आईच्या कपाळाला लावला, माझ्या मावशीने लावावा तसा सहज, आणि म्हणाली, "मावशी, आता ताप नाही वाटतं. सर म्हणाले तुम्ही सकाळपासून आजारी आहात, म्हणून मला तिकडे पाठवलं. मी तर सकाळपासून मांड्यांच्या आशेवर नुसता चहा पिऊन होते."

म्हणजे ती आली असती. ती आमच्या ओट्यावर बसली असती, आईच्या हातचे मांडे तिने चवीने खाल्ले असते आणि वर मागून घेतले असते. तिच्या घरच्यांनी काय म्हटलं असतं ते सरांनी सरांचं ठरवलं होतं. सर चार पावलांवर उभे होते, कुणाशी तरी बोलत होते, पण कान आमच्याकडे होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं आलेलं तिला दिसलं असणार, कारण तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"हां माय," ती मुलीला म्हणाली, "आते बरी शे."

परत जाताना मी तिच्यावरच ओरडले. तू का खोटं बोललीस, तुला काय झालं होतं, ती मुलगी खायला तयार होती, घरी मांडे तसेच पडले आहेत, आत्ता नेलं असतं तिला. आई तशीच घराच्या दारापर्यंत चालत आली. तिथे थांबून तिने कॉलेजकडे बोट केलं आणि म्हणाली, "तुले आजून तठेच शिकनं शे."

पहाटे शिबिराच्या गाड्या गेल्या. ती मुलगी पुढे मला कधी भेटली नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहिलाच तास सरांचा होता. हजेरी घेताना माझ्या नावाला ते थांबले आणि सगळ्या वर्गासमोर आपुलकीने विचारलं, "काय गं, आईची तब्येत कशी आहे आता?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "ती आजारी नव्हतीच, सर."

"वा, छान," सर म्हणाले. "बस खाली." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.